कुंडीतली पाने आणि खताचे माप

छत्रपती संभाजीनगरमधील सदनिका, बंगल्यांचे व्हरांडे, बँका, रुग्णालये आणि कार्यालयांची दालने यांत आज जी हिरवाई दिसते ती बहुतांशी पर्णशोभी वनस्पतींची आहे, म्हणजे पानांचा आकार, तकाकी, रंग आणि नक्षी यांसाठी लावल्या जाणाऱ्या झाडांची आहे. मनी प्लांट, क्रोटन, अरेका पाम, रबराचे झाड, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, ड्रॅसिना, सिंगोनियम, कोलियस ही त्यांतली घरोघरी ओळखीची नावे. या झाडांच्या बाबतीत खताचा प्रश्न शेतातल्या पिकाहून मुळातच वेगळा ठरतो. कपाशीच्या किंवा मक्याच्या शेतात काही पानांच्या कडा करपल्या तरी बोंडे आणि कणसे भरली की शेतकऱ्याचे काम होते. पर्णशोभी झाडाचे मात्र पान हेच उत्पन्न असते, आणि एकदा जळालेले टोक पुन्हा हिरवे होत नसल्यामुळे खत देण्यात झालेली चूक पुढे कित्येक महिने डोळ्यांसमोर राहते.

या शहराला बागांची परंपरा जुनी आहे. बीबी का मकबऱ्याभोवतीची चारबाग आणि सध्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे असलेला हिमायत बाग या दोन्ही जागा जमिनीत लावलेल्या झाडांच्या आहेत, जिथे मुळांना हवे तिकडे जाता येते आणि दर पावसाळ्यात मातीतले जास्तीचे क्षार पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातात. कुंडीची गोष्ट निराळी आहे. आठ इंची कुंडीत जेमतेम चार-पाच लिटर माती मावते, मुळांची सारी हालचाल तेवढ्यातच होते, आणि वरून घातलेले जे काही झाड घेत नाही किंवा तळाच्या छिद्रातून वाहून जात नाही ते तिथेच साठत राहते. खताचा पर्णशोभी झाडांवर होणारा परिणाम समजून घेताना ही बंदिस्त माती सतत ध्यानात ठेवावी लागते.

वनस्पतीच्या अन्नद्रव्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन प्रमुख मानली जातात. पानांच्या दृष्टीने त्यांत पहिला मान नत्राचा, कारण प्रकाशसंश्लेषण घडवून आणणारे हरितद्रव्य आणि पेशींतली प्रथिने या दोन्हींच्या घडणीत नत्र असते. ते पुरेसे मिळाले की पाने संख्येने वाढतात, रुंद होतात, गडद हिरवी दिसतात आणि एका पानानंतर दुसरे पान लवकर येते. स्फुरद मुळांच्या वाढीला आणि पेशींतील ऊर्जेच्या देवघेवीला लागते, पण पर्णशोभी झाडाला त्याची गरज फुलझाडांच्या मानाने थोडी असते. पालाश पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांची उघडझाप आणि पेशींतील पाण्याचा ताण सांभाळतो, म्हणून मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची उणीव लवकर जाणवते. जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि अरेकासारख्या पामांत जुन्या झावळ्यांवर पिवळसर-नारिंगी ठिपके येतात.

नत्र कमी पडल्याची खूण आधी तळाच्या पानांवर उमटते, कारण झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या कोंबाला पुरवते; खालची पाने सरसकट पिवळी पडून गळतात आणि वरची लहान राहतात. ही खूण बहुतेकांना ठाऊक असते. जास्त झालेल्या नत्राची खूण मात्र सहज ओळखू येत नाही, कारण सुरुवातीला झाड फार छान दिसते. पाने मोठी होतात, दोन पेरांमधले अंतर वाढते, खोड लांबते आणि नरम राहते, शिवाय शेंड्याच्या वाढीच्या मानाने मुळांची वाढ मागे पडते. जूनच्या ओलसर हवेत असे झाड निभावून नेते. एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि हवा कोरडी झाली की तेवढ्या पानांना लागणारे पाणी तेवढीशी मुळे पुरवू शकत नाहीत, आणि माती ओली असतानाही झाड दुपारी मान टाकते. मावा, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी यांनाही नत्राने भरलेला कोवळा पाला मानवतो. रंगीत पानांच्या झाडांत आणखी एक तोटा होतो: कोलियससारख्या झाडाच्या पानांतला लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो, नत्र मुबलक झाले की त्याचे प्रमाण घटते आणि हरितद्रव्य वाढते, त्यामुळे ज्या रंगासाठी झाड आणले तोच फिका पडतो.

तर मग प्रमाण किती असावे? या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपॉप्का येथील संशोधन केंद्रात झाला. अपॉप्का हे गाव पर्णशोभी झाडांच्या व्यापारी लागवडीसाठी प्रसिद्ध असून तिथे चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल या शास्त्रज्ञांनी अनेक जातींवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ३:१:२ हे गुणोत्तर बहुतेक पर्णशोभी झाडांना मानवते, असा त्यांतून निघालेला निष्कर्ष आज जगभरच्या रोपवाटिकांत वापरला जातो. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात घरगुती ग्राहकाच्या हाती सहसा पडते ते १९:१९:१९ हे विद्राव्य खत, ज्यात तिन्ही द्रव्ये शेकडा १९ अशी समसमान असतात, किंवा डीएपी, ज्यात नत्र १८ आणि स्फुरद तब्बल ४६ टक्के असते. डीएपी पेरणीच्या वेळी शेतात उपयोगाचे आहे; कुंडीतल्या मनी प्लांटला मात्र त्यातल्या स्फुरदाचे काम नाही, आणि साठलेले स्फुरद लोह आणि जस्त यांच्या शोषणात अडथळा आणते.

थोडा हिशेब केला तर हवे ते गुणोत्तर याच दुकानातल्या खतांतून साधता येते. १९:१९:१९ हे खत १० ग्रॅम, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ४ ग्रॅम आणि ४६ टक्के नत्राचा युरिया ७ ग्रॅम असे एकत्र केले, तर त्या २१ ग्रॅम मिश्रणात नत्र सुमारे ५.६, स्फुरद १.९ आणि पालाश ३.७ ग्रॅम येतो, म्हणजे जवळजवळ ३:१:२. हे मिश्रण हवेतली ओल धरते, म्हणून लागेल तेव्हाच करावे. लिटरभर पाण्यात त्यातले अर्धा ग्रॅम विरघळवले की पाण्यात लिटरमागे सुमारे १३५ मिलिग्रॅम नत्र उतरते, आणि चांगल्या उजेडातल्या वाढत्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा एवढे भरपूर होते. याच्या शेजारी चमचाभर युरिया थेट कुंडीत टाकण्याची सवय ठेवून पाहावी. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी त्यात २.३ ग्रॅम, म्हणजे २,३०० मिलिग्रॅम नत्र असते, आणि ते चार लिटर मातीत एका जागी पडते. युरियाचे मातीतील विकरामुळे अमोनियात रूपांतर होते, आणि माती विम्लधर्मी असेल तर त्यातला काही भाग वायुरूप अमोनिया बनून कोवळ्या मुळांना इजा करतो. घरगुती कुंड्यांमधली कितीतरी झाडे अशा प्रेमापोटीच दगावतात.

लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, पण त्याच्याआधी श्प्रेंगेल याने मांडलेला न्यूनतमाचा नियम असे सांगतो की जी गोष्ट गरजेच्या मानाने सर्वांत अपुरी असते तीच वाढीची मर्यादा ठरवते. घरातल्या कुंडीत ही अपुरी गोष्ट बहुधा उजेड असते, आणि खताचा विचार करणारे बहुतेक लोक नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. मे महिन्याच्या दुपारी उघड्या गच्चीवर प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात असते, तर दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात ती शे-दोनशे लक्सवर येते, जरी सरावलेल्या मानवी डोळ्याला हा फरक एवढा मोठा भासत नाही. इतक्या कमी उजेडात प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारी साखर झाडाच्या स्वतःच्या श्वसनातच जवळपास खर्ची पडते. अशा झाडाला दिलेले नत्र पान बनवण्यासाठी वापरले जात नाही, कारण पानाचा सांगाडा ज्या कर्बाचा बनतो तोच शिल्लक नसतो; नत्र मातीत क्षार म्हणून उरते. म्हणून खिडकीजवळच्या झाडाला जे खत पंधरा दिवसांनी, तेच आतल्या कोपऱ्यातल्या झाडाला दोन-तीन महिन्यांनी दिले तरी कमी नाही. वाढ खुंटलेली दिसली की खत वाढवण्याआधी कुंडी उजेडाकडे सरकवून पाहावी, हा या विषयातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

कॉनोव्हर आणि पूल यांच्या १९७०च्या दशकातील कामाचा दुसरा भाग याच मुद्द्याशी जोडलेला आहे. भर उजेडात आणि भरपूर खतावर वाढवलेले झाड घरात आणले की पाने टाकते, आणि फायकस बेंजामिना त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहे. तेच झाड विक्रीपूर्वी काही काळ सावलीत आणि कमी खतावर ठेवले तर त्याची नवी पाने पातळ, रुंद आणि मंद उजेडाचा चांगला उपयोग करणारी होतात, आणि घरात ते टिकते. आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारा मालही पुष्कळदा दूरचा असतो. महाराष्ट्रभरच्या रोपविक्रेत्यांकडे पुण्याच्या परिसरातून आणि आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम येथून झाडे येतात. जिच्या पाण्यावर हे शहर जगते त्या गोदावरीच्याच त्रिभुज प्रदेशालगत कडियम वसले आहे, मात्र तिथली हवा दमट आणि ऊबदार, तर इथली वर्षातले कित्येक महिने कोरडी. रोपवाटिकेने दिलेल्या खताचा साठा कुंडीत असतोच. त्यामुळे नव्या झाडाला घरी आणल्यावर निदान महिना-दीड महिना काहीच न देता सावलीच्या जागी स्थिरावू द्यावे.

क्षारांचा प्रश्न या शहरात खतापुरता मर्यादित नाही. महापालिकेचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते, पण ते काही दिवसांआड मिळत असल्याने अनेक वसाहतींत कूपनलिका आणि टँकर यांचा आधार घ्यावा लागतो, आणि बेसाल्ट खडकातून उपसलेले हे भूजल बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण जास्त असते. ज्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत ते एखाद्या कुंडीला रोज अर्धा लिटर घातले आणि खालून काहीच निचरा होऊ दिला नाही, तर महिन्याला १२ ग्रॅम क्षार त्या कुंडीत जमा होतात. वर सांगितलेले खताचे पाणी पंधरवड्यातून एकदा तेवढेच दिले तर महिन्याला त्यातून जेमतेम अर्धा ग्रॅम येतो. मातीच्या कुंडीबाहेर जमणारा पांढरा थर हा त्याच साठ्याचा दिसणारा अंश. मातीतले पाणी असे खारावले की परासरणाच्या नियमाने, म्हणजे पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे ओढले जात असल्याने, मुळांना ते घेणे अवघड होते आणि ओल्या मातीत झाड तहानलेले राहते. जे क्षार मुळांतून वर चढतात ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत पोचतात, पाणी बाष्परूपाने उडून जाते आणि क्षार तिथेच राहून टोक जाळतात.

घरोघरी बसलेल्या आरओ यंत्रातून सोडून दिले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे, कारण पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. साठलेले क्षार घालवण्याचा उपाय म्हणजे कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून ते छिद्रातून पूर्ण निथळू देणे आणि खालच्या बशीत साचलेले पाणी फेकून देणे. पाण्याची वानवा असलेल्या शहरात एका कुंडीवर दहा लिटर पाणी खर्च करायला सांगणे कुणालाही रुचणार नाही, पण आषाढ-श्रावणात ढगाळ दिवस पाहून कुंड्या पावसात ठेवत गेले तर हेच काम जवळपास क्षारमुक्त पाण्याने फुकट होते. वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस या कामाला पुरेसा आहे.

मराठवाड्याच्या काळ्या मातीचा आणखी एक गुण इथे नडतो. ती चुनखडीयुक्त असून तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लता मोजण्याचा अंक, बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो, तर वर्षावनांतून आलेल्या पर्णशोभी झाडांना साडेपाच ते साडेसहा हा सामू आवडतो. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. मग नवी पाने पिवळी-पांढुरकी निघतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, उसावर पडणाऱ्या केवड्यासारखेच हे लक्षण असते. नत्राच्या उणिवेत जुनी पाने आधी पिवळी पडतात, लोहाच्या उणिवेत नवी. एवढा भेद लक्षात ठेवला तरी चुकीचे खत घालण्याचे निम्मे प्रसंग टळतील, कारण पिवळे पान दिसले की युरिया टाकण्याचा रिवाज इथे उलट फळतो.

यावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसते मातीत टाकले तर चुनखडीत त्याचे थोड्याच काळात न विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन होते, म्हणून ते आठवडाभर शेणखतात मुरवून देण्याची शेतकऱ्यांची पद्धत कुंडीलाही लागू पडते. फवारणीने ते लवकर लागू होते खरे, पण शोभेच्या पानांवर तपकिरी डाग सोडते. चिलेट या प्रकारात लोहाचा अणू एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत सुरक्षित राहतो, मात्र त्यातले स्वस्त आणि सर्रास मिळणारे ईडीटीए हे रूप सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए हे महाग रूपच कामी येते. नत्र देताना युरियाऐवजी अधूनमधून अमोनियम सल्फेट वापरले तर मुळांभोवतीची आम्लता थोडी वाढते आणि लोह मोकळे व्हायला मदत होते. मुळातच काळ्या मातीचा भाग कमी करून कोकोपीट, गांडूळखत आणि निचऱ्यासाठी मुरूम किंवा जाड वाळू यांचे मिश्रण वापरणे हे सर्वांत शहाणपणाचे, कारण काळी माती पाण्याने फुगते, वाळल्यावर तडकते आणि कुंडीत मुळांना हवा मिळू देत नाही.

स्पायडर प्लांट, ड्रॅसिना आणि कॉर्डिलाइन या झाडांबाबत एक विशेष गोष्ट सांगायला हवी. त्यांची टोके पाणी आणि उजेड ठीक असतानाही तपकिरी पडतात, आणि त्याचे एक कारण फ्लोराइड हे असते, जे या झाडांच्या पानांत साठत जाते. सिंगल सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनते त्यातील खनिजात फ्लोरिन असते आणि त्याचा काही अंश तयार खतात उतरतो. माती चुनखडीची असेल तर फ्लोराइड बऱ्याच अंशी बांधले जाते, मात्र कोकोपीटच्या आम्लधर्मी मिश्रणात ते मोकळे राहते. म्हणून या तीन झाडांना सुपर फॉस्फेट देऊच नये.

सेंद्रिय खतांचा फायदा असा की त्यांतली अन्नद्रव्ये सूक्ष्मजीवांच्या कामातून हळूहळू सुटतात आणि एकदम क्षारभार पडत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, गांडूळखतात एक ते दोन टक्के आणि निंबोळी पेंडीत पाचाच्या आसपास असते, त्यामुळे पेंड मूठभर नव्हे तर चमच्याने मोजावी. न कुजलेले शेण कुंडीत उष्णता आणि अमोनिया निर्माण करते आणि हुमणीच्या अळ्याही घेऊन येते. अंड्याची टरफले आणि लाकडाची राख यांविषयी घरोघरी मोठा विश्वास आहे. टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि राखही विम्लधर्मी, तेव्हा आधीच चुनखडीने भरलेल्या मातीत आणि जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडाला ती लोहापासून आणखी दूरच नेतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाच उपाय गुणकारी ठरू शकतो.

ऋतूंचे गणित सोपे आहे. जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च हे वाढीचे, म्हणून खताचे दिवस. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्रा निम्मी करावी आणि ती संध्याकाळी, आधी साधे पाणी घालून ओल्या झालेल्या मातीत द्यावी. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो आणि ही उष्ण कटिबंधातली झाडे जवळपास थांबतात, तेव्हा खत बंद ठेवावे. जातिभेदही पाहावा लागतो: अरेका, क्रोटन आणि कोलियस खादाड आहेत, तर जाड मूळखोडात साठा बाळगणारे झेडझेड आणि स्नेक प्लांट वर्षातून दोन-तीनदा दिलेल्या खतावर समाधानी असतात.

दिलेले खत लागू पडले की नाही हे जुन्या पानांवरून कळत नाही, कारण ती सुधारत नाहीत. खत बदलल्यानंतर उमललेली पुढची दोन-तीन पाने आधीच्या पानांशेजारी धरून रुंदी, रंग आणि देठाची लांबी पाहावी, आणि तोपर्यंत मात्रेत दुसरा कोणताही बदल करू नये.